आवणीचा वारा

डहाणूला विजेचं नवल नाही. दक्षिणेला तारापूरची अणुवीज १९६९पासून तयार होते. डहाणूच्या खाडीकाठचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे गेली. त्या केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे. एवढी उंच अशासाठी की धूर वरच्या वाऱ्याने लांब न्यावा आणि पातळ करून टाकावा. आपल्या भागात वाऱ्याला विजेच्या धंद्यात पहिली नोकरी लागली ती अशी, हमालाची. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्याने पाठपुरावा केला तेव्हा कुठे २००७मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा लागली. केंद्राच्या धुरावरून झालेल्या या भांडणाच्या केंद्रस्थानी चिकूची झाडं होती.

हे सगळं पाहिलेल्या माणसाला कधी तरी वाटणारच, की वारा आपला आहे तर थोडी वीज आपल्याच छपरावर का करू नये? खालचा संवाद त्या प्रश्नावरचा आहे. मामांची बोर्डीजवळ चिकूची वाडी आहे आणि चिकूचे काप वाळवून विकायचा छोटा धंदा आहे. भाची सौर पॅनेल बसवण्याच्या कामात आहे. दोघं माझ्या कल्पनेतली आहेत, पण डहाणू-तलासरीच्या रस्त्यावर असे मामा आणि अशा भाच्या भेटतात, त्यामुळे मला फार कल्पना करावी लागली नाही.

मामा : गच्चीवर पवनचक्की बसवायची म्हणतोय. एक किलोवॉटची. ती पंखेवाली नव्हे, उभी असते ना, रवीसारखी फिरणारी.

भाची : एक किलोवॉट किती वाऱ्याला, ते लिहिलं होतं?

मामा : असेल कुठे तरी बारीक अक्षरात.

भाची : सेकंदाला अकरा-बारा मीटर. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर. तसा वारा सुटला की तुम्ही पवनचक्की बघत नाही बसणार, दोरीवरचे कपडे गोळा करायला धावाल.

मामा : मग कमी वाऱ्यात कमी वीज. चालेल की. मला कुठे मुंबईला विकायची आहे?

भाची : कमी म्हणजे किती कमी, तिथेच गोम आहे. वारा निम्मा झाला तर वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. दोन मीटर व्यासाचं पातं धरा. सेकंदाला दहा मीटरच्या वाऱ्यात त्यातून साडेचारशे वॉट काढता येतील. पाच मीटरला पंचावन्न. तीन मीटरच्या झुळकीत बारा वॉट, म्हणजे एक एलईडी दिवा. आणि वाऱ्यातली सगळी शक्ती कुठलंच पातं काढू शकत नाही. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने शंभर वर्षांपूर्वीच हिशेब मांडून ठेवलाय, कमाल ५९ टक्के. छोट्या यंत्रांना त्याच्या निम्मं साधलं तरी पुष्कळ. तुमची ती उभी रवी तर आणखी मागे.

मामा : सरासरी सांगून मला घाबरवू नकोस. आठपट आहे ना? मग ते दोन्हीकडून लागू होतं. तासभर जोराचा वारा आला तर आठ तासांच्या झुळकीची भरपाई झाली. तू सरासरीचा घन करतेस. वारा कधी सरासरीने वाहतो का?

मामांचा हा मुद्दा पक्का आहे, आणि सौरवाल्यांच्या तोंडून तो सहसा निघत नाही. वारा कमी-जास्त होत असतो म्हणूनच सरासरीवरून काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट वीज वर्षभरात मिळू शकते. भाचीनेही ते मान्य केलं.

भाची : धरला तुमचा हिशेब. सरासरी चार मीटरचा वारा आणि अडीच मीटरचं पातं असेल तर दिवसाला दीड-दोन युनिट होतील. पण तो चार मीटरचा वारा गच्चीवर पोचला पाहिजे. तुमच्या घराला तिन्ही बाजूंनी चिकू आहे, पश्चिमेला सुरूची बनं. शंभर मीटरच्या आत जे सगळ्यात उंच आहे, त्याच्यावर किमान नऊ-दहा मीटर पातं गेलं पाहिजे. त्याखालचा वारा वारा नसतो, नुसती घुसळण असते. पातं एकदा इकडे तोंड करतं, एकदा तिकडे, आणि बेअरिंग खातं.

मामा : चिकू तोडू?

भाची : तुम्ही? तुम्ही तर फांदी छाटायलाही मुहूर्त बघता.

मामा : देवगडला चालतात त्या पवनचक्क्या? तोही कोकणच ना?

भाची : देवगडला पठार आहे, कातळाचं, समुद्राच्या तोंडावर. झाड नाही. आणि साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवडेचं म्हणाल, तर ती पठारं हजार मीटरच्या वर आहेत. आपला किनारा सपाट, हिरवागार, घरं झाडीत. ज्या कारणाने इथे चिकू होतो, त्याच कारणाने इथे जमिनीलगत वारा अडतो.

मग ती गच्चीवर गेली आणि जुन्या डिश अँटेनाचा पत्रा मामांना दाखवला. नखाने खरवडल्यावर रंग निघाला, रंगाखाली गंज, आणि नट कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो ते कळेना. समुद्र दिसतोय तिथून खारी हवा येणारच. सौर पॅनेलची चौकटही गंजते, पण त्यात फिरणारं काही नाही. पवनचक्कीत बेअरिंग आहे, वाऱ्याकडे तोंड वळवणारा सांधा आहे, जोराचा वारा आला की पातं बाजूला फिरवणारी शेपटी आहे. शिवाय एक गोष्ट विकणारे शेवटी सांगतात. पॅनेलची वीज वापरली नाही तरी पॅनेल गप्प बसतं. पवनचक्कीवरचा भार काढला तर ती मोकाट फिरते. बॅटरी भरली की जास्तीची वीज कुठे तरी जाळावी लागते, एखाद्या हीटरच्या गुंडाळीत. थांबवायची तर तिच्या तिन्ही वायरी एकमेकांना जोडणारा स्विच दाबायचा, म्हणजे ती स्वतःच्याच विजेने अडते. हा स्विच वादळाआधी दाबायचा असतो. वादळात दाबला तर गुंडाळी जळू शकते.

मामा : जास्तीची वीज हीटरला ना? मग झालं की! चिकूचे काप वाळवायला तीच वापरीन.

भाची : मामा, जोराचा वारा कधी असतो आपल्याकडे?

मामा : पावसाळ्यात. जून, जुलै, ऑगस्ट.

भाची : आणि काप कधी वाळवता?

मामांनी उत्तर दिलं नाही. काप थंडीत आणि उन्हाळ्यात वाळवतात. पावसाळ्यात फळगळ होते, आणि हाती लागतं ते फळ वाळवण्याच्या लायकीचं नसतं.

भाची : पंप कधी चालवता? दिवाळीनंतर ते मेपर्यंत. जुलैत वाडीतलं पाणी बाहेर काढायची वेळ येते. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४पासून सरकारने माफ केलंय, ते वेगळंच. मच्छीमारांचं घ्या. झाईला, डहाणूला बर्फ लागतो, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. बोंबील वाळवायला वारा हवा, पण कोरडा. म्हणजे वाऱ्याचे दिवस तेच तुमच्या सगळ्यांच्या सुट्टीचे दिवस.

मामा : एप्रिल-मेचा दुपारचा खारा वारा विसरलीस. चांगला सणसणीत असतो.

भाची : नाही विसरले. पण तो दुपारी असतो, डोक्यावर ऊन असताना. त्या वेळी पॅनेल फुल चालू असतं. रात्री मतलई वारा येतो तो मऊ. आणि ऑक्टोबरात तर पान हलत नाही.

मामांना इतक्या लवकर हार मानायची सवय नाही. त्यांनी शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं. डहाणू-घोलवडच्या बागा ज्यांनी नावारूपाला आणल्या त्या इराणी कुटुंबांपैकी बरीच यझ्द आणि केरमानकडून आलेली. पवनचक्कीचं मूळही तिकडचंच.

मामा : त्यांच्या मुलखात घराघरावर वाऱ्याचे मनोरे आहेत. हजार वर्षं वारा पकडतायत ते लोक.

भाची : यझ्दचे ते बादगीर. वारा खाली उतरवून खोली गार करतात, चाक फिरवत नाहीत. चाकं आहेत ती खोरासान आणि सीस्तानात. नश्तीफान नावाच्या गावी अजून उभी आहेत, मातीच्या भिंतीत लाकडी पाती. आणि ती उभीच आहेत हो, तुमच्या त्या रवीसारखी. पण तिथे वाऱ्याला नावच आहे, एकशेवीस दिवसांचा वारा. उन्हाळाभर एकाच बाजूने येतो. आणि येतो कधी, तर गव्हाची कापणी झाल्यावर. दळायला धान्य तयार असतं तेव्हा वारा तयार. त्या गावाला ते यंत्रामुळे नाही जमलं, वेळेमुळे जमलं. आपला वारा धान्य पेरायच्या वेळी येतो.

मामा गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं तो प्रश्न मला या सगळ्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मामा : तू म्हणतेस पावसाळ्यात सगळ्यांची सुट्टी. सगळ्यांची म्हणजे कोणाची?

भाची : तुमची. वाडीवाल्यांची. होडीवाल्यांची.

मामा : माझ्या वाडीत कामाला येतात ती माणसं कुठली? तलासरीकडची. झरी, उधवा, त्या बाजूच्या पाड्यांवरची. दिवाळी झाली की त्यांच्यातली किती तरी घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात, वसई-भिवंडीला, गुजरातेत. मृगाच्या आधी परत येतात. आवणीच्या दिवसांत मी दुप्पट मजुरी देतो म्हटलं तरी माझ्याकडे माणूस येत नाही, कारण तेव्हा ते आपल्या भाताच्या लावणीत असतात. म्हणजे पावसाळा ही बोर्डीची सुट्टी असेल. तलासरीची तीच हजेरी.

भाची : हे मी धरलं नव्हतं.

मामा : आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आश्रमशाळेत पोरं राहायला असतात. पावसात तारेवर झाड पडलं की पाड्यावर दोन-दोन दिवस काळोख. त्या काळोखात साप निघतात. तू सूर्याचं सांगतेस, जुलैत किती वीज देतं तुझं पॅनेल?

भाची : एक किलोवॉटमागे एरवी दिवसाला चार युनिट. जुलैत निम्म्यावर येते. सलग अंधारून राहिलं तर त्याहून खाली, कधी अर्धा युनिट.

मामा : आणि असं सलग अंधारून कधी येतं? जोराचा पाऊस लागतो तेव्हाच ना? तेव्हा वारा असतो की नाही?

भाची : असतो.

मामा : मग?

इथे वाचकाला वाटेल मामा जिंकले. माझं मत थोडं वेगळं आहे. मामांनी आपली बाजू सोडून दुसऱ्याची धरली, आणि ती धरल्यावर मुद्दा खरा झाला. छोट्या पवनचक्कीच्या जाहिराती घरमालकासाठी असतात, बंगल्याच्या गच्चीसाठी असतात; तिची खरी गरज असली तर अशा ठिकाणी, जिथे जाहिरात पोचत नाही. पण गरज खरी आहे म्हणून यंत्र चालेलच असं नाही, आणि भाचीने ते लगेच सांगितलं.

भाची : आश्रमशाळेचे चाळीस दिवे धरा, नऊ-नऊ वॉटचे, पाच तास. पावणेदोन-दोन युनिट. एका चांगल्या जागच्या छोट्या पवनचक्कीला हे झेपेल. पण त्याच पैशात मी आणखी पॅनेल आणि मोठी बॅटरी देऊ शकते. शासनाची मदतही त्यालाच आहे. घराला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार मिळतात. सौर पंपाला आदिवासी शेतकऱ्याने पाच टक्के भरले की बाकीचे शासन भरतं. छोट्या वाऱ्याला केंद्राची योजना होती, किलोवॉटमागे लाख रुपयांच्या घरात अनुदान मिळायचं. २०१७मध्ये तिची मुदत संपली. तोवर सगळ्या देशात मिळून जेमतेम तीन-साडेतीन मेगावॉट बसले होते. चाळकेवाडीच्या पठारावरची मोजकी मोठी यंत्रं एवढी क्षमता देतात.

मामा : कमी बसले ते यंत्र वाईट म्हणून की माणूस नव्हता म्हणून?

भाची : दोन्ही. अनुदानात यंत्र मिळतं, शेपटीचा स्प्रिंग बदलायला येणारा माणूस मिळत नाही. अमेरिकेत हेच झालं. १९२०-३०च्या दशकांत तिकडच्या शेतांवर हजारो छोट्या पवनचक्क्या होत्या, जेकब्ज भावांच्या यंत्रांची ख्याती होती. १९३६मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तारा शेतापर्यंत आल्या, आणि लोकांनी यंत्रं उतरवून टाकली. मामा, वारा तिथे कमी झाला नव्हता. तार आली की वर चढायला कोणी तयार नसतं.

मामा : तार आली आणि टिकली, असं म्हण. तिथे टिकली.

दुरुस्तीला माणूस मिळत नाही, यावर एक तोड म्हणजे यंत्र स्वतःच बनवणं. स्कॉटलंडच्या स्कोरेग या द्वीपकल्पावर अजून मोटाररस्ता नाही. तिथे ह्यू पिगट नावाच्या गृहस्थाने लाकडाची पाती कोरून, चुंबक आणि तांब्याच्या गुंडाळ्या बसवून यंत्र घरी कसं करायचं ते लिहून ठेवलं, आणि त्या कृतीवरून जगभर लोक यंत्र बनवतात. आपल्याकडे ऑरोविलला मिनवायू या गटाने तशी यंत्रं केली आणि शिकवलीही. भाचीने हे मामांना सांगितलं, आणि त्यांचे डोळे चमकले ते या कृतीमुळे, विजेमुळे नव्हे.

मामा : म्हणजे आयटीआयच्या पोरांना करता येईल. गुंडाळी भरायला मोटार-रिवाइंडिंगवाला डहाणूत आहे. पात्याला लाकूड आपल्याकडे आहे. जो बनवील तो दुरुस्त करील.

भाची : करील. पण तलासरीत वारा समुद्रावरून घासत येतो, वाटेत झाडं, घरं, टेकाडं. शाळा खोलगट जागी असेल तर बोर्डीहूनही कमी मिळेल. टेकडीचा माथा हवा, आणि माथ्यावरून शाळेपर्यंत वायर. खांब आडवा पाडता येईल असा, बिजागरीवर. १७ मे २०२१ला तौक्ते नुसतं किनाऱ्याजवळून गेलं तर तुमच्या वाडीतली किती झाडं आडवी झाली? तसं काही येणार म्हटल्यावर खांब आधीच निजवता आला पाहिजे. आणि नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलतेय. लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. वसतिगृहाच्या छपरावर तर खांबच नको, जमिनीवर, दूर, ताणाच्या तारांनी बांधलेला.

मामा : बारडाचा डोंगर कसा?

भाची : तिथे पारशांची बहरोटची लेणी आहेत. वनखातं आणि पारशी, दोघे मिळून तुम्हाला खाली उतरवतील.

मामा : मग डहाणूच्या वेधशाळेचे आकडे घेऊ. त्यांच्याकडे वाऱ्याची नोंद असते.

भाची : ती डहाणूच्या जागेची. तलासरीच्या टेकडीला ती लागू नाही. वारा जागेवर मोजायचा असतो. तीन वाट्यांचं मापक, दहा-बारा मीटरच्या खांबावर, खाली नोंद करणारं यंत्र. नियमाने वर्षभर मोजतात.

मामा : वर्ष? मी सत्तरीला आलोय.

भाची : आपल्याला वर्ष नको. जून ते सप्टेंबर एवढंच हवंय, बाकीचे महिने सूर्य बघून घेईल. चार महिन्यांची सरासरी साडेचारच्या वर गेली तर मी स्वतः वायरिंग करून देते, पैसे न घेता. खाली राहिली तर दोन पॅनेल वाढवायचे आणि पवनचक्की हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मामा : साडेचार जास्त होतात. चार कर.

भाची : वाऱ्याशी घासाघीस चालत नाही, मामा.

मामा : वाऱ्याशी नाही, तुझ्याशी करतोय. मापकाचे पैसे कोण देणार?

भाची : गच्चीवरच्या रवीसाठी बाजूला काढले होते ना, त्यातले.

मामा : बरं. आणि खांब उभा करायला चार माणसं लागतील. भट्टीवरून आली की लगेच गाठली पाहिजेत. एकदा आवणी सुरू झाली की कोणी हाताला लागायचं नाही.